असा सिनेमा मुलांसोबत बघायचा तर

लैंगिक अत्याचारानंतर सावरू पाहणाऱ्या मुलीचा सिनेमा मी पहिल्यांदा वर्गाला दाखवला तेव्हा सगळे दिवे घालवले, दाराला आतून कडी लावली आणि स्वतः पहिल्या बाकावर पडद्याकडे तोंड करून बसले. मुलांकडे पाठ. सिनेमा मला फार आवडलेला होता, आणि आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवताना माणूस हुरळतो तशी मीही हुरळले होते. पस्तिसाव्या मिनिटाला मागे बाक सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर एक मुलगी अंधारात चाचपडत, सगळ्यांचे पाय ओलांडत दाराकडे निघालेली. कडी घट्ट होती. ती निघेपर्यंत अख्खा वर्ग त्या मुलीकडे बघत होता. मी हळूच ‘लवकर ये गं’ म्हटलं आणि परत पडद्याकडे वळले. ती आली नाही. उरलेला सगळा वेळ ती बाथरूममध्ये बसून होती, हे मला दहा दिवसांनी कळलं. तेही तिच्या मैत्रिणीकडून.

त्यानंतर वीसेक वर्षं मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम केलं. अशा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगणारे सिनेमे मुलांसोबत बघितले, पालकांसोबत बघितले, शिक्षकांसोबतही. दाराची कडी आधी काढून ठेवायची, हा त्यातला माझा पहिला नियम. बाकीचे इथे लिहिते. तुम्ही शिक्षक असाल, किंवा घरी लेकीशेजारी वा लेकाशेजारी बसून असा सिनेमा बघायचा विचार करत असाल, तर उपयोगी पडतील. ‘लेकाशेजारी’ मुद्दाम लिहिलंय.

आधी एकट्याने बघा, आणि दोनदा बघा

पहिल्यांदा नुसता बघा. रडायचं तर रडून घ्या. मुलांसमोर तुम्हालाच अनावर झालं तर मुलं सिनेमा सोडून तुम्हाला सांभाळत बसतात. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि मिनिटं टिपा. माझ्या वहीत अशा नोंदी असतात: ‘२२ : दार बंद झाल्याचा आवाज, चित्र नंतर’, ‘४१ ते ४३ : प्रसंग’, ‘५८ : शॉवर, बराच वेळ’, ‘७६ : आई ओरडते’. आवाजांची नोंद मी वेगळी करते. अस्वस्थ झालेलं मूल डोळे मिटून घेतं किंवा खाली बघतं, आणि नेमका त्याच वेळी दिग्दर्शकाने श्वासांचा आवाज वाढवलेला असतो. कान काही मिटता येत नाहीत. अशा जागी मी सरळ आवाज कमी करते. सिनेमाप्रेमी लोक नाक मुरडतात, मुरडू देत.

सिनेमा ठेवायचा की टाकायचा हेही या दुसऱ्या खेपेलाच ठरतं. माझी कसोटी अशी: प्रसंगात कॅमेरा कोणाच्या बाजूला आहे? मुलीला जे दिसतंय ते आपल्याला दिसत असेल, म्हणजे छताचा कोपरा, जाकिटाची चेन, भिंतीवरचा डाग, तर कॅमेरा तिच्या बाजूचा. मुलगी कशी दिसतेय तेच दिसत राहिलं तर तो बघ्यांच्या बाजूचा, मग पोस्टरवर कितीही गंभीर वाक्य छापलेलं असो. असा सिनेमा मी टाकते. चांगल्या मुलाचं प्रेम मिळालं आणि मुलगी खडखडीत बरी झाली, असा असेल तोही टाकते. मध्यंतरानंतर मुलगी कुठेतरी खोलीत पडून राहते आणि बापाचा सूड सुरू होतो, तो तर सगळ्यात आधी. त्यात बाप नायक असतो, मुलगी निमित्ताला धनी. आणि ज्यात ती आत्महत्या करते, कशी करते तेही दाखवलंय, तो या वयाच्या मुलांना दाखवायचाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सिनेमा-नाटक करणाऱ्यांसाठी आत्महत्येच्या चित्रणाबद्दल एक पुस्तिकाच काढली आहे. आत्महत्येची पद्धत दाखवू नका, असं तिचं सांगणं आहे. निर्माते ते पाळोत न पाळोत, निवडणारा मात्र पाळू शकतो.

एवढं चाळल्यावर जे उरतात ते थोडे असतात आणि बहुधा संथ असतात. मुलीचं अभ्यासातून लक्ष उडतं, मैत्रिणी तुटतात, केस कापून टाकले जातात, जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोलत नाही, असं सगळं. मुलांना कंटाळा येईल ही भीती मला दर वेळी वाटते आणि दर वेळी खोटी ठरते.

गोष्ट फोडून टाका

सिनेमाचा शेवट आधी सांगायचा नसतो, हा शिष्टाचार इथे गुंडाळून ठेवा. दोन दिवस आधी मी वर्गाला सगळी गोष्ट सांगते: ‘या सिनेमात नववीतल्या एका मुलीवर तिच्या ओळखीचा मुलगा बलात्कार करतो. तो प्रसंग एकेचाळिसाव्या मिनिटाला सुरू होतो आणि दोन मिनिटं चालतो. अंग दाखवलेलं नाही, आवाज आहेत. ती मरत नाही. बऱ्याच महिन्यांनी ती एकीला सांगते.’ काय येणार आहे आणि ते कधी संपणार आहे हे माहीत असलं की मुलांना दम धरता येतो.

‘बलात्कार’ हा शब्द उच्चारायचा. ‘तसलं काहीतरी’ नाही, ‘नको ते’ नाही, आणि ‘इज्जत गेली’ तर मुळीच नाही. गेली असेल तर ती त्याची गेली. पहिल्यांदा वर्गात हा शब्द म्हणताना माझा आवाज इतका बारीक झाला की मागच्या बाकावरून ‘बाई, ऐकू नाही आलं’ असं आलं. त्या दिवशी घरी गेल्यावर आरशासमोर उभं राहून वीसदा म्हटला. आता नेहमीच्या आवाजात म्हणते. तुम्हाला तो शब्द म्हणता येत नसेल, तर तो सांगायला तुमच्याकडे कोण येईल?

आता ज्यांना बघायचा नाही त्यांचं. ‘ज्यांना नको त्यांनी हात वर करा’ असं कधीही विचारू नका. युनिसेफने २०२४ मध्ये जगभरचा अंदाज मांडला: आज हयात असलेल्या ३७ कोटींहून अधिक मुली आणि बायकांनी, म्हणजे आठातल्या एकीने, वयाची अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत बलात्कार किंवा लैंगिक हल्ला सोसलेला आहे. मुलगे आणि पुरुषांमध्ये हेच प्रमाण अकरातला एक असं आहे. सगळ्यात जास्त घटना चौदा ते सतरा या वयात. म्हणजे चाळिसांच्या वर्गासमोर तुम्ही उभे असता तेव्हा ही गोष्ट कुणाला तरी आधीच ठाऊक असण्याची शक्यता धरूनच उभं राहायचं. हात वर करायला लावणं म्हणजे तिला किंवा त्याला सगळ्यांसमोर बोट दाखवून उभं करणं.

मी चिठ्ठ्या वाटते. प्रत्येकाने लिहायचीच, ‘सिनेमा’ किंवा ‘ग्रंथालय’. ग्रंथालयात त्या वेळी पुस्तकांना कव्हरं घालायचं खरंखुरं काम काढून ठेवलेलं असतं, सात-आठ जणांना पुरेल एवढं. काम खरं हवं. ‘मला कव्हरं घालायला आवडतं’ एवढं म्हणून कुणालाही सुटता यावं. घरी तर याहून सोपं: ‘बघायचा का?’ असं विचारा, ‘नको’ आलं की ‘बरं’ म्हणा. ‘का गं?’ नको.

खोली, दिवे, रिमोट

मागचा एक दिवा चालू. दार लोटलेलं, कडी काढलेली. दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे उठलेल्याला दोन पावलांत बसायला जागा मिळते आणि बाहेर जायचं की नाही ते तिथे बसून ठरवता येतं. मी आता बाजूला, भिंतीला टेकून बसते. तिथून पडदा आणि चेहरे दोन्ही दिसतात. दुसरा एक मोठा माणूस बाहेर व्हरांड्यात हवा, कारण बाहेर गेलेल्या मुलामागे मी उठले तर आतल्या एकोणचाळीस जणांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होतं. एकटी असताना मी सिनेमा लावत नाही.

वेळ सकाळची. रात्री बघितलेला असा सिनेमा मुलं अंथरुणात घेऊन जातात. आठवड्याच्या शेवटच्या दिवशीही नको, कारण पुढचे दोन दिवस विचारायला कुणी नसतं.

घरी बघत असाल तर रिमोट मुलाच्या हातात द्या. खरोखर द्या. एका वडिलांनी मला सांगितलं की मुलीने दर दहा मिनिटांनी सिनेमा थांबवून पाणी आणलं, खिडकी लावली, मांजराला आत घेतलं, आणि दीड तासाचा सिनेमा तीन तास चालला. ते वैतागले होते. मी म्हटलं, म्हणजे तिने तो तिला झेपेल तेवढ्या घासांनी खाल्ला. थांबवायचा अधिकार हातात असणं, या विषयात याहून मोठी गोष्ट नाही.

चालू असताना

गप्प बसा. ‘बघ, म्हणून आम्ही सांगतो एकटीने जाऊ नकोस’ हे वाक्य ओठांवर येईल. गिळा. त्या एका वाक्याने मुलगी शिकते ती एवढंच, की असं काही झालं तर घरी आधी तिचीच चूक मोजली जाईल.

कुणीतरी हसेल. दर वेळी हसतं, आणि बहुतेकदा मुलगेच. माझी सुरुवातीची काही वर्षं मी अशांना बाहेर काढण्यात घालवली. मग ध्यानात आलं की हसणाऱ्याचे गुडघे हलत असतात. काय करावं कळत नाही म्हणून हसू फुटतं. आता मी त्याच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसते, बोलत काहीच नाही. मुद्दाम कुणाला तरी टोमणा मारायला हसलेला वेगळा ओळखू येतो, त्याचं नंतर बघायचं.

जास्त लक्ष द्यायचं ते अगदी स्थिर झालेल्या मुलांकडे. नजर पडद्याच्या पलीकडे कुठेतरी, श्वास वरवरचा, हाक मारली तर ओ नाही. अशा वेळी मागून खांद्यावर हात ठेवू नका. न विचारता हातच लावू नका. समोरून, बाजूने, दिसेल असं जाऊन हळू नाव घ्या. ‘आपण शाळेत आहोत. मी इथे आहे. पाय जमिनीवर घट्ट टेकव. आता दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मला सांग.’ पुढे चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे, दोन वास, एक चव, असा हा प्रकार पुस्तकात पुरा दिलेला असतो. माझा अनुभव, चौथ्या-पाचव्या वस्तूपर्यंतच माणूस परत येतो. एकदा एका मुलाने पंखा, पंखा, पंखा, खिडकी आणि ‘तुमचा चष्मा’ एवढंच सांगितलं. पुरलं.

संपल्यावर

नावं सरकत असतात तेव्हा दिवे लावू नका, बोलू नका, नावं संपू द्या. ती दोन-तीन मिनिटं मुलांना चेहरे नीट करायला लागतात.

मग पहिला प्रश्न. ‘यातून काय शिकलात?’ विचारलंत की वर्ग मेला. सगळी मुलं शिक्षकांना हवं ते उत्तर देण्यात तरबेज असतात. मी विचारते: ‘अजून डोळ्यांसमोर काय आहे? एक वस्तू सांगा, एक हालचाल सांगा.’ वस्तूवर बोलता येतं.

एका वर्षी नववीतला एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, ‘बाई, ती अख्ख्या पिक्चरमध्ये स्वेटरची बाही ओढते. हातावर. बोटं दिसत नाहीत.’ मी सिनेमा सहा वेळा बघितला होता, मला ते दिसलंच नव्हतं. तो पुढे म्हणाला, ‘एकदाच नाही ओढत. त्या मैत्रिणीशेजारी पायरीवर बसते ना, तेव्हा.’ आम्ही तो पायरीचा प्रसंग परत लावला. खरंच, त्या एका प्रसंगात तिची दहाही बोटं बाहेर होती. मैत्रीण काय करते? काही नाही. शेजारी बसते, बुटाची नाडी बांधते, ‘काय झालं’ विचारत नाही, उठून जातही नाही. वर्ग त्या नाडीवर अर्धा तास बोलला. कुणी तरी म्हणालं, ‘म्हणजे असं पण चालतं.’ माझ्या तासभराच्या व्याख्यानाने झालं नसतं ते.

तरी काही प्रश्न येतातच, शब्द बदलून तेच. त्यांची उत्तरं तयार ठेवा.

‘ती ओरडली का नाही?’ हा पहिला. उत्तर शरीरातलं आहे. जिवावरचं भय आलं की माणूस लढतो किंवा पळतो, हे मुलांना माहीत असतं. तिसरी गोष्ट माहीत नसते: शरीर थिजतं. हातपाय हलत नाहीत, गळ्यातून आवाज निघत नाही, आणि हे ठरवून होत नाही. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यांतल्या ७० टक्के जणींनी असं लक्षणीय थिजणं अनुभवलं होतं, ४८ टक्के जणींनी तर अतितीव्र. हा आकडा मी फळ्यावर लिहिते. वर्गातला एखादा चेहरा तो आकडा बघून जसा सैल होतो, ते एकदा बघितलं की तुम्हीही लिहाल.

‘ती रडत कशी नाही? नाटक करतेय.’ हा दुसरा, आणि मोठ्या माणसांचा लाडका. १९७४ मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयात एक मानसोपचार परिचारिका आणि एक समाजशास्त्रज्ञ यांनी तातडीच्या विभागात आलेल्या अशा स्त्रियांशी सविस्तर बोलून निरीक्षणं मांडली. काही जणी रडत होत्या, थरथरत होत्या. जवळजवळ तितक्याच जणी शांत, आवरलेल्या, प्रश्नांची नीट उत्तरं देणाऱ्या होत्या. धक्का दोन्हींना सारखाच. सिनेमातली मुलगी दुसऱ्या दिवशी गणिताची वही पूर्ण करते ते यामुळे पटतं. पालकांच्या सभेत हा मुद्दा मी सगळ्यात जास्त वेळ घोळवते, कारण ‘ती तर अगदी नॉर्मल होती हो’ हे वाक्य मी फार आयांच्या तोंडून ऐकलंय.

‘तिला खोलीचा रंग आठवतो आणि तारीख कशी आठवत नाही?’ भयात लक्ष दोन-चार गोष्टींवर चिकटतं आणि त्या लख्ख राहतात. क्रम, वेळ, आधी काय नि नंतर काय, हे विस्कटतं. म्हणून आठवण गोष्टीसारखी येत नाही, तुकडे अंगावर येतात. एखाद्या अत्तराच्या वासाने, चेन ओढल्याच्या आवाजाने. मुलग्यांना हे समजवायला मी सैनिकांचं उदाहरण घेते. युद्धावरून परतलेला जवान फटाक्याने दचकून खाली झोपतो, याला कुणी हसत नाही. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी, मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा त्रास) हे नाव आलं, ते सैनिकालाही लागू आणि या मुलीलाही. हे ऐकलं की मागच्या बाकांवर एकदम शांतता होते.

‘लगेच का नाही सांगितलं?’ याचं उत्तर मी देत नाही, वर्गाकडून काढून घेते. ‘तुमचा साधा फोन हरवला तर घरी लगेच सांगता?’ मग कारणांची रांग लागते. ओरडा बसेल. जायला परवानगी नव्हती, खोटं बोलून गेलो होतो. शाळा बंद करतील. तो सगळ्यांचा लाडका आहे, कोण विश्वास ठेवेल? भावाचा मित्र आहे. फळा भरतो. यातलं एकही कारण मला घालावं लागत नाही.

आणि ‘मुलगी खोटं बोलत असेल तर?’ हाही येतो, बहुधा थोड्या आव्हानाच्या सुरात. झटकू नका, प्रश्न खरा आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडे दहा वर्षांत आलेल्या १३६ तक्रारी अभ्यासकांनी तपासल्या, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांतल्या ८ खोट्या ठरल्या. म्हणजे साधारण सहा टक्के. बाकीच्या सगळ्या न्यायालयात सिद्ध झाल्या असा याचा अर्थ नाही, हेही मीच सांगते. आकडा अर्धवट सांगितला की मुलं पकडतात.

कुणी सांगायला आलं तर

सिनेमा दाखवायचा आणि या भागाची तयारी ठेवायची नाही, हे करू नका. त्यापेक्षा दाखवूच नका.

पहिलं वाक्य गुपिताचं. ‘हे कुणाला सांगणार नाही ना?’ असं विचारल्यावर ‘नाही गं’ म्हणून बसायचं आणि मग शब्द मोडायचा, हा तिच्यासाठी दुसरा विश्वासघात असतो. बऱ्याच देशांत अल्पवयीन मुलाबद्दल असं कळलं की ते कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही राहता तिथे काय आहे, कुणाला कळवायचं, कोणता फोन, हे सिनेमा लावायच्या आधी कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मी म्हणते: ‘तू सुरक्षित राहावीस म्हणून काही गोष्टी मला एक-दोघांना सांगाव्या लागतील. कुणाला, कधी, ते तुला आधी सांगेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही.’ यावर एखादी गप्प होते, परत जाते. जाऊ द्या. दार उघडं आहे हे तिला कळलेलं असतं.

मग ऐका. तीन वाक्यं पुरतात: ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे.’ ‘यात तुझी चूक नाही.’ प्रश्न जेवढे कमी तेवढं चांगलं. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न तर विचारूच नका, ‘तू तिथे का गेलीस’ यातला ‘का’ आरोपीच्या पिंजऱ्यातला असतो. तपशील खोदू नका, ते काम ज्यांचं आहे ते एकदाच आणि नीट करतील. एक मात्र हळुवार विचारावं लागतं: हे कधी झालं, आणि तो माणूस आजही तिच्या आसपास आहे का.

कधी झालं हे अशासाठी की काही गोष्टींना घड्याळ लागलेलं असतं. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते, पण तिचाही भर लवकर घेण्यावर. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत नाही तर कागदाच्या पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. आणि धुतले असतील, अंघोळ झाली असेल, आठवडा उलटला असेल, तरीही डॉक्टरकडे जायचंच. ‘आता काय उपयोग’ हे वाक्य घरात कुणी म्हटलं तर त्याला स्वयंपाकघरात पाठवा.

पुढचं काम तुमचं नाही, समुपदेशकाचं, मानसोपचारतज्ज्ञाचं. महिना उलटूनही झोप नाही, आठवणीचे तुकडे अंगावर येतात, शाळा टाळते, असं असेल तर टाळाटाळ नको. मुलांसाठी ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी नावाची, म्हणजे झालेला आघात समोर ठेवून विचार आणि वागणं यांवर बोलत काम करणारी, उपचारपद्धत आहे, साधारण बारा ते सोळा बैठकांची, आणि तिच्यात पालकांनाही बसवतात. सिनेमे बहुधा मुलीने तोंड उघडलं की संपतात, मागे व्हायोलिन वाजतं. खरं तर तिथून पहिल्या बैठकीची तारीख ठरवायची असते, आणि ती तारीख दोनदा पुढे ढकलली जाते. हे मी मुलांना सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की एकदा सांगितलं की झालं.

नंतरचे गुरुवार

सिनेमानंतर लगेच कुणी येत नाही. पहिल्या दिवशी येतात ते सिनेमाबद्दल बोलायला. म्हणून पुढचे दोन महिने मी दर गुरुवारी मधल्या सुट्टीत ग्रंथालयातल्या मागच्या टेबलावर बसते, हातात काहीतरी काम घेऊन. नुसतं बसलं तर दवाखान्यासारखं वाटतं. टेबलावर फाटकी पुस्तकं, डिंक, कात्री. येणाऱ्याला निमित्त हवं असतं, आणि येणाऱ्याचेही हात कशात तरी गुंतलेले बरे.

सातव्या गुरुवारी एक मुलगी आली. (ओळख पटेल असं सगळं इथे बदललं आहे.) पुस्तक परत करायला, म्हणाली; ते पुस्तक आमच्या ग्रंथालयाचं नव्हतंच. बसली, एका पुस्तकाचा कणा चिकटवला, दुसऱ्याचा चिकटवला. मग म्हणाली, ‘बाई, माझी एक मैत्रीण आहे. दुसऱ्या शाळेत.’

मैत्रीण म्हटलं की मैत्रीणच. ‘ती तूच ना?’ असं विचारून कधी कुणाचं भलं झालं नाही. मी मैत्रिणीबद्दलच बोलले.

‘तीन महिने झाले असतील तर डॉक्टर आता काय करणार?’

सांगितलं. गर्भ राहिला आहे का ते बघतील. संसर्गाच्या तपासण्या करतील, त्यांतल्या काही तीन महिन्यांनीच नीट कळतात. झोप लागत नसेल तर त्याचं बघतील. डॉक्टर बाई हवी असेल तर तसं मागता येतं. ‘आणि तपासताना मध्येच नको वाटलं तर थांबा म्हणता येतं,’ मी म्हटलं, ‘तिच्या हातात रिमोट असतो तसं.’

ती कण्यावरचा जास्तीचा डिंक बोटाने पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

‘तुझी मैत्रीण तुला बरोबर घेऊन येईल का?’

‘येईल.’

‘मग पुढच्या गुरुवारी दोघी या.’

गुरुवारी ती एकटीच आली. मी आधी गुपिताचं वाक्य सांगितलं. ती जाईल असं मला वाटलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली.